सात वर्षांत शरीर नवं होतं, मग आजीचं गोंदण तसंच कसं?

कृष्णाकाठची मंजू

नमस्कार मंडळी. प्रश्न बाळबोध वाटेल, पण आमच्या घरात गेले चार दिवस त्यावरून तू-तू मैं-मैं चाललंय, म्हणून इथे टाकते.

झालं असं, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिरांनी एक फॉरवर्ड टाकला. "दर सात वर्षांनी शरीरातली प्रत्येक पेशी बदलते. सात वर्षांपूर्वी ज्याने तुमचा अपमान केला तो माणूस आता उरलेलाच नाही, तेव्हा माफ करा." खाली फुलं, जोडलेले हात. माझ्या नववीतल्या मुलानं तो मोठ्यानं वाचून दाखवला. शेजारी आजेसासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. आम्ही सगळे त्यांना आजीच म्हणतो, वय ८६. त्यांनी डावा हात पुढे केला. हातावर तुळशीवृंदावन गोंदलेलं आहे, नऊ-दहा वर्षांच्या असताना जत्रेत गोंदणारणीकडून काढून घेतलेलं. म्हणाल्या, "कातडं सात वर्साला नवं झालं आसतं तर ह्ये धा येळा पुसलं नसतं का? मेल्यावर सोबत जातं ते येवढंच, आसं आमची आय म्हनायची."

मुलगा गप्प, मीही गप्प. दीर म्हणाले, "आजीला काय कळतंय त्यातलं." पण मला तर वाटतं आजीचाच मुद्दा बिनतोड आहे. मग खरं काय?

दुसरं, याच्याशी जोडलेलं की नाही माहीत नाही. माझी एचबीए१सी, म्हणजे साखरेसाठीची रक्ततपासणी, ६.१ आली. मी दोन आठवडे साखर, भात, सगळं तोडलं आणि पुन्हा तपासणी करते म्हटलं, तर डॉक्टर म्हणाले, आत्ता उपयोग नाही, तीन महिन्यांनी या. तीनच महिने का? दवाखान्यात गर्दी होती, विचारायचं राहून गेलं.

हिशेबनीस

ताई, तो फॉरवर्ड मलाही पाठवा, आमच्या बँकेला दाखवतो. घराचं कर्ज मी २०१४ साली घेतलं. म्हणजे घेणारा माणूस २०२१ मध्येच संपला. मग हप्ते कुणाच्या नावानं कापताय म्हणावं!

बाकी विषयातलं ओ की ठो कळत नाही. खुर्ची टाकून बसलोय.

निवृत्त लॅबवाला

मंजूताई, आजींचा प्रश्न दिरांच्या फॉरवर्डपेक्षा हुशार आहे. उत्तर लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. अमरावतीत ३४ वर्षं पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन होतो. लोकांचं रक्त काचपट्टीवर पसरून पाहण्यात जन्म गेला. त्यामुळे माझं सगळं रक्तापासून सुरू होतं, ते समजून घ्या.

सात वर्षांचा आकडा म्हणजे गल्लीतल्या तान्ह्या बाळाच्या आणि आजोबांच्या वयाची सरासरी काढून "या गल्लीत सगळे चाळिशीचे" म्हणण्यासारखं आहे. आमच्या गावचं घर मातीचं, वर कवेलू. दर उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, बाबा कवेलू फेरायचे. फुटके काढायचे, नवे घालायचे. भिंतीला दर पोळ्याच्या आधी पोतारा. सागाचे खांब मात्र आजोबांनी उभे केले ते आजही तेच. कुणी विचारलं घर किती जुनं, तर काय सांगाल? शरीराचंही तेच. आतड्याच्या आतलं अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं. प्लेटलेट आठ-दहा दिवस जगते. कातडीचा वरचा थर महिनाभरात बदलतो. लाल पेशी १२० दिवस. हाडं आतून झिजवली आणि भरली जातात, त्याला वर्षं लागतात. दाताचं इनॅमल एकदा झालं की झालं, म्हणून कीड लागली की डेंटिस्टच गाठावा लागतो.

आता लाल पेशीपाशी थांबतो, कारण तुमची एचबीए१सी तिथेच आहे.

हाडाच्या आत, बोन मॅरोमध्ये, दर सेकंदाला वीस लाखांच्या वर लाल पेशी तयार होतात. तुम्ही हे वाक्य वाचेपर्यंत कोटभर झाल्या. रक्तात उतरण्याआधी ही पेशी आपलं केंद्रक बाहेर टाकून देते. म्हणजे तिच्याकडे दुरुस्तीचा नकाशाच राहत नाही. जे आहे त्या भांडवलावर १२० दिवस काढायचे. नुकती उतरलेली पेशी ओळखता येते. न्यू मिथिलीन ब्लू नावाचा रंग रक्तात मिसळून, थोडं ऊब देऊन पट्टी काढली, की त्या पेशीत निळ्या धाग्याचं गुंतवळ दिसतं. जणू आईनं लोकर गुंडाळायला घेतली आणि अर्ध्यात उठून गेली. तिला रेटिक्युलोसाइट म्हणतात, आम्ही नुसतं रेटिक. दिवसभरात ते गुंतवळ विरतं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मला प्रश्न पडायचा, की धडधाकट माणसात रेटिक नेहमी एका टक्क्याच्या आसपासच का? एका दुपारी मोजता मोजता डोक्यात उजेड पडला. आयुष्य १२० दिवसांचं, त्यातला रेटिक असण्याचा दिवस एक. मग शंभर-सव्वाशे पेशींत एकच सापडणार, दुसरं काय होणार! कुणीतरी पुस्तकात लिहून ठेवलं असेलच, पण मला ते माझ्या दुर्बिणीनं सांगितलं. (आम्ही सूक्ष्मदर्शकाला दुर्बीणच म्हणायचो. भाषाशुद्धीवाल्यांनी माफ करावं.)

शेवट कसा होतो? पाणथरीत, म्हणजे प्लीहेत, इतक्या अरुंद फटी असतात की पेशीला अंग चोरून जावं लागतं. तरणी पेशी लवचीक, ती निसटते. म्हातारी ताठरलेली, ती अडकते, आणि तिथे टपून बसलेल्या मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी तिला गिळतात. यकृतातही हेच चालतं. तिच्यातलं लोह फुकट जात नाही. शरीराला नवीन रक्तासाठी रोज २०-२५ मिलिग्रॅम लोह लागतं, जेवणातून अंगी लागतं जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. बाकी सगळं या मेलेल्यांच्या घरून येतं. लोह काढून घेतल्यावर जो रंग उरतो त्याचं बिलिरुबिन होतं. लघवीचा पिवळेपणा, शौचाचा रंग, सगळा त्याचाच. मुका मार लागला की कातडी आधी काळीनिळी, मग हिरवट, मग पिवळी होते ना? तिथे सांडलेल्या लाल पेशींची हीच विल्हेवाट कातडीच्या काचेतून दिसत असते.

आता तुमची तपासणी. रक्तातली साखर हिमोग्लोबिनला जाऊन चिकटते आणि पेशी मरेपर्यंत सुटत नाही. किती हिमोग्लोबिनला साखर चिकटली, त्याची टक्केवारी म्हणजे एचबीए१सी. तुमच्या अंगात आज ज्या पेशी फिरताहेत त्यातल्या बऱ्याच तुम्ही पेढे खात होता तेव्हा जन्मलेल्या. त्यांची नोंद पुसायला त्या मरायला हव्यात. शेवटच्या महिन्याचा वाटा जवळपास निम्मा असतो, त्यामुळे दोन आठवड्यांत आकडा थोडा हलला असता, पण खरं चित्र दिसायला ती पिढी जावी लागते. म्हणून तीन महिने.

आणि या हिशेबात पेशीच लवकर मरत असेल तर? माझ्याच हातून झालेली चूक सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी गडचिरोलीकडचा एक ट्रॅक्टरवाला आला, चाळिशीचा. उपाशीपोटी साखर २१२, एचबीए१सी ४.६. दोन आकडे एकमेकांचं तोंड बघत नव्हते आणि मी ते ताडून न पाहता रिपोर्ट पुढे सरकवला. डॉक्टरांचा फोन आला, "झोपेत काम करता का?" पुन्हा लावली, पुन्हा ४.६. मग राहवेना, पट्टी काढली. लिशमन स्टेन केला, तेल टाकून पाहिलं, तर मधूनच कोयत्यासारख्या वाकड्या पेशी. रेटिक मोजले, चौदा टक्के! सिकलसेल. आमच्या विदर्भात आणि तिकडे नंदुरबारकडे हा आजार पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे, आणि काहींना सौम्य असतो, म्हणून चाळिशीपर्यंत त्याला कुणी नाव दिलं नव्हतं. "हातपाय दुखतात" एवढंच तो सांगायचा. त्याच्या लाल पेशी १२० दिवसांऐवजी दहा-वीस दिवसांत मरत होत्या. साखर चिकटायला वेळच कुठे मिळणार! त्या दिवसापासून एचबीए१सीचा कागद मी साखरेचा आकडा शेजारी ठेवल्याशिवाय सोडला नाही.

ताई, म्हणून विचारतो, तुमचं हिमोग्लोबिन किती आहे?

गोंदणाचं उत्तर जेवून लिहितो. घरातून हाका सुरू झाल्यात.

निवृत्त लॅबवाला

हां, आता गोंदण.

दिवाळीत उटणं लावून अंग चोळलं की मळाच्या वळ्या निघतात. त्यात मातीइतक्याच मेलेल्या पेशी असतात. हा बदलणारा थर फार पातळ, बहुतेक अंगावर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा. त्याच्या तळाशी नव्या पेशी होतात, वर सरकत जातात, सरकता सरकता मरतात, चपट्या होतात आणि गळतात. गोंदणारणीची सुई या थरात थांबली असती तर आजींचं वृंदावन पुढच्या अमावस्येपर्यंत टिकलं नसतं. पण सुई त्याखालच्या जाड थरात जाते.

तिथे काजळी पडली की धाव घेतात त्याच आपल्या मॅक्रोफेज. खायला सवकलेल्या त्या! काजळी गिळतात, पण पचवता येत नाही. पोटात घेऊन तिथेच बसतात. ते काळंनिळं जे दिसतं ना, ती या पेशींच्या पोटातली काजळी.

बरीच वर्षं असं धरून चालले होते, की या पेशी फार दीर्घायुषी असणार, म्हणून गोंदण टिकतं. २०१८ साली फ्रान्समध्ये मार्सेयच्या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या शेपटीवर हिरवं गोंदण केलं आणि मग मुद्दाम तिथल्या मॅक्रोफेज मारून टाकल्या. गोंदण जसंच्या तसं! पेशी मरते, रंग बाहेर सांडतो, शेजारी आलेली नवी मॅक्रोफेज तो गिळते. ती मेली की पुढची. म्हणजे धरणारे हात बदलत राहतात आणि काजळी जागची हलत नाही.

म्हणजे दिरांचंही थोडं बरोबर, पेशी बदलल्या. आजींचं पूर्ण बरोबर, गोंदण पुसलं नाही. थोडा रंग इकडेतिकडे होतोच, काही काखेतल्या गाठींपर्यंतही जातो. आजींच्या वृंदावनाच्या रेषा आता जाडसर, पसरलेल्या दिसत असतील बघा.

फळा आणि खडू

लॅबवाले भाऊ, वा! मी कोल्हापुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. थोडी भर घालते, कारण लाल पेशीचं मरण हे जरा निराळं प्रकरण आहे. केंद्रक असलेल्या बहुतेक पेशी मरतात त्या स्वतःहून, आतून आलेल्या आदेशानं.

पेशी दोन तऱ्हांनी जाते. भाजलं, चिरडलं, रक्त पोचलं नाही, तर ती फुगून फुटते, आतला ऐवज बाहेर सांडतो आणि आसपास सूज येते. आग लागून घर कोसळावं तसं. दुसऱ्या तऱ्हेत घर उतरवतात. आधी कौलं खाली, मग वासे, मग दारं-खिडक्या, शेजाऱ्याच्या अंगणात एक खापर पडत नाही. पेशी आक्रसते, आतली विकरं (एन्झाइम) तिची प्रथिनं आणि डीएनए कापतात, तिचे पापुद्र्यात गुंडाळलेले पुडे होतात, आणि पृष्ठभागावर "मला उचला" अशी खूण येते. शेजारच्या पेशी ते पुडे गिळतात. सूज नाही, गवगवा नाही. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनमध्ये केर, वायली आणि करी या तिघांनी १९७२ साली या प्रकाराला अपॉप्टोसिस नाव दिलं. शब्द त्यांना तिथल्या ग्रीकच्या प्राध्यापकांनी सुचवला. अर्थ, झाडाची पानं किंवा फुलाच्या पाकळ्या गळणं. आपली पानगळच.

मुलांना मी एक गोष्ट हमखास सांगते. गर्भात हात आधी वल्ह्यासारखा असतो. बोटांच्या मधल्या पेशी मरतात तेव्हा बोटं सुटी होतात. बदकाच्या पायात त्या तितक्या मरत नाहीत, म्हणून त्याला पडदा. मग वर्गातली सगळी पोरं आपापली बोटं फाकवून बघतात. पंचवीस वर्षं झाली, एकही बॅच चुकलेली नाही.

सी. एलेगन्स नावाचा मिलिमीटरभर लांबीचा कृमी आहे. त्याच्या घडणीत १०९० पेशी होतात आणि त्यातल्या १३१ मरतात, दर कृमीत त्याच १३१! कुठली, केव्हा, सगळं ठरलेलं. हे मोजणाऱ्या आणि त्यामागची जनुकं शोधणाऱ्या ब्रेनर, होर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चं नोबेल मिळालं. कॅन्सरच्या पेशींची एक मोठी गोम हीच, की मरायचा आदेश त्या ऐकेनाशा होतात.

आणि पेशीचं वय ओळखायची युक्ती तर ऐकाच, आजींशी तिचा थेट संबंध आहे. १९५५ ते १९६३ या काळात हवेत अणुबॉम्बच्या चाचण्या इतक्या झाल्या की वातावरणातला कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी भाऊ, जवळपास दुप्पट झाला. अशा चाचण्यांवर बंदी घालणाऱ्या १९६३ च्या करारानंतर तो उतरत गेला. हा कार्बन जगभर पसरला. ज्वारीनं तो हवेतून घेतला, ज्वारीची भाकरी आजींनी खाल्ली. पेशी जन्मताना तिच्या डीएनएत जो कार्बन बसतो तो तसाच राहतो. म्हणजे डीएनएतला कार्बन-१४ मोजला की पेशीचं जन्मसाल कळतं. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या योनास फ्रिसेन यांच्या गटानं ही युक्ती वापरली. त्यातून कळलं, की पंचविशीत हृदयाच्या स्नायूपेशी वर्षाला एक टक्का बदलतात, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहून कमी. जन्मभरात निम्म्याही बदलत नाहीत. मेंदूच्या वरच्या थरातल्या चेतापेशी तर माणसाइतक्याच जुन्या. दिरांना सांगा, अपमान लक्षात ठेवणारं खातं बदलत नाही.

डोळ्याच्या भिंगाचा गाभाही जन्माआधीचाच असतो. आजींनी ज्यातून जग पाहिलं ते भिंग त्यांच्या आईच्या पोटात घडलेलं.

हिशेबनीस

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर?

फळा आणि खडू

मग भिंग कारखान्यातलं, आणि त्यावर वॉरंटी! खडू फेकून मारला असता तुम्हाला.

पुन्हा उभी

वाचतेय आणि एकेक कोडं सुटतंय. मागच्या वर्षी माझ्या केमोच्या सहा फेऱ्या झाल्या. केस गेले, तोंडात फोड आले, जुलाब लागले. तेव्हा मला वाटायचं, आजार स्तनात आणि औषध तोंडात-डोक्यात काय करतंय? कुणी नीट सांगितलंच नाही. आता कळलं, जिथे पेशी भराभर बदलतात तिथेच मार बसला. बरोबर ना लॅबवाले काका? आणि एक शंका. दर वेळी रिपोर्टात पांढऱ्या पेशी आधी पडायच्या, हिमोग्लोबिन मात्र हळूहळू उतरलं. असं का?

निवृत्त लॅबवाला

पोरी, तू पुन्हा उभी आहेस हे वाचूनच बरं वाटलं.

तुझं निदान बरोबर. केमोची बरीचशी औषधं विभागणाऱ्या पेशीवर घाव घालतात. केसाचं मूळ, तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर, बोन मॅरो, इथे विभागणी सतत चालू, म्हणून त्यांनाही लागतं.

शंकेचं उत्तर तर सोपा हिशेब आहे. औषधानं कारखाना काही दिवस बंद पडतो. कारखाना बंद पडल्यावर दुकानात आधी काय संपतं? जे रोज लागतं ते, दुधाची पिशवी. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तात जेमतेम दिवसभर टिकतात, त्या आधी संपतात. मग प्लेटलेट, आठ-दहा दिवसवाल्या. लाल पेशींचा साठा १२० दिवसांचा, तो लगेच कळत नाही, फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या की जाणवतो. आमच्या टेबलावर केमोवाल्यांचे सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजल्याचे कागद, यायचे तेव्हा नुसता कागद बघून मी सांगायचो, डोस होऊन दहाएक दिवस झाले असतील. शेजारचा पोरगा म्हणायचा, काका ज्योतिषी आहेत.

इस्रायलच्या वाइझमन संस्थेत २०२१ साली कुणीतरी बसून अख्ख्या माणसाचा हिशेब केला. रोज सुमारे ३३ हजार कोटी पेशी बदलतात, वजन ८० ग्रॅमच्या आसपास. त्यातल्या शंभरात ८५-८६ रक्ताच्या. तेव्हा मी सारखं रक्ताचंच बोलतो म्हणून कुणी नाक मुरडू नका.

आरोग्यधाम

लॅबवाले साहेब, एक महत्त्वाचा मुद्दा राहिला. उपवास! एकादशीला उपवास केला की ऑटोफॅजी होते, जुन्या पेशी मरतात आणि शरीर स्वतःला नवं करतं. यासाठी जपानी शास्त्रज्ञाला नोबेल मिळालं आहे. आपल्या पूर्वजांना हे हजारो वर्षांपूर्वी माहीत होतं.

निवृत्त लॅबवाला

योशिनोरी ओसुमी, २०१६. नोबेल खरं आहे. पण त्यांनी काम केलं ते यीस्टवर, म्हणजे पाव फुगवणाऱ्या बुरशीवर. शोधलं ते असं, की पेशी आपल्याच आतलं मोडकं सामान पिशवीत बांधते, पचवते आणि सुटे भाग पुन्हा वापरते. यात पेशी मरत नाही, उलट उपासमारीत त्यानंच तगून राहते. घरात माळा आवरला म्हणून कुणी घर नवं बांधलं म्हणत नाही.

आणि एकादशी म्हणजे दुप्पट खाशी. साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट, वर बटाटा, संध्याकाळी रताळ्याचा कीस. यीस्टला कुणी असं उपाशी ठेवलं नव्हतं. उपवास श्रद्धेनं करा, मीही करतो. डायबेटिसच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून करा, साखर उतरून चक्कर आलेले बरेच पाहिलेत.

कृष्णाकाठची मंजू

बापरे, एवढं सगळं! मुलानं दोनदा वाचलं, एकदा आजीला वाचून दाखवलं. मॅक्रोफेजचं ऐकून आजी म्हणाल्या, "म्हंजे पाळी लावून राखन करत्यात व्हय." मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांचं झालंय, दोन्ही डोळ्यांचं. हिशेबनीस जिंकले.

काका, हिमोग्लोबिन ९.४. डॉक्टरांनी त्यासाठी वेगळ्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, मी मळमळतं म्हणून आठवड्यात सोडल्या.

निवृत्त लॅबवाला

वाटलंच होतं. ताई, लोह कमी पडून रक्त कमी झालं असेल तर एचबीए१सी असते त्यापेक्षा थोडी जास्त येऊ शकते. तुमचंही तसंच आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही. पण दोन्ही कागद एकाच वेळी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर करून घ्या, आणि गोळ्या सोसत नाहीत हे तोंडानं सांगा. बदलून देतात. पेशंट गोळ्या सोडतो आणि डॉक्टरांना सांगत नाही, हे मी ३४ वर्षं रिपोर्टावरून ओळखत आलो.

मुलासाठी एक गृहपाठ. नख. नखाच्या मुळाशी पेशी तयार होतात, कडक होऊन मरतात आणि मागून येणाऱ्या त्यांना पुढे ढकलतात. बोटाचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर सरकतं, पायाचं त्याच्या निम्म्यानं. टायफॉइडसारखा मोठा ताप येऊन गेला की नखावर आडवी खाच पडते आणि दर महिन्याला पुढे पुढे जाते. त्या खाचेवरून "दोन-तीन महिन्यांपूर्वी आजारी होता का?" असं विचारलं की माणूस चमकतो. नखावर एखादी खूण शोध म्हणावं त्याला आणि पट्टी लाव.

कृष्णाकाठची मंजू

खूण शोधायलाच नको! परवाच दारात अंगठा चेमटलाय, नखाच्या मुळाशी काळा डाग आहे. आत्ता कंपासपेटी काढून बसलाय. म्हणतो, मुळापासून दोन मिलिमीटर.

कृष्णाकाठची मंजू

साडेतीन महिन्यांनी धागा वर काढतेय, रागावू नका.

काका, गोळ्या बदलून घेतल्या, नेमानं खाल्ल्या. हिमोग्लोबिन ११.८. एचबीए१सी ५.८. लोहामुळे की चहातली साखर सोडल्यामुळे, देव जाणे. डॉक्टर म्हणाले दोन्ही चालू ठेवा.

मुलानं दर रविवारी डाग मोजला. विज्ञानाच्या वहीच्या मागच्या पानावर तक्ता केलाय. महिन्याला कधी तीन, कधी सव्वातीन मिलिमीटर. चाचणी परीक्षेच्या आठवड्यात मोजायचं राहिलं, तिथे प्रामाणिकपणे रेघ मारलीय. गेल्या रविवारी डाग टोकाला आला. त्यानं नेलकटरनं तेवढा काळा तुकडा कापला आणि सेलोटेपनं वहीत चिकटवला, खाली तारीख घातली.

आजींनी ते पाहिलं आणि घर डोक्यावर घेतलं. कापलेलं नख घरात ठेवायचं नाही, भांडणं होतात. वही सध्या तुळशीपाशी, बाहेरच्या कट्ट्यावर आहे. पाऊस आला की आत घ्यायची परवानगी मिळालीय, पण देवघराच्या खोलीत नाही.